कागदाहून पातळ पडद्याची गोष्ट

माझी आत्या शहाऐंशी वर्षांची आहे, आणि मी पोटापाण्यासाठी नेमके काय करतो हे तिला गेली वीस वर्षे पटलेले नाही. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना तिने सर्वांदेखत विचारले, "अरे, तू म्हणे पडदे करतोस. खिडकीचे की नाटकाचे?"

"विजेचे, आत्या."

"विजेला कसला रे पडदा? विजेला लागते ती तार."

मंडळी हसली. मला मात्र मनातल्या मनात कबूल करावे लागले, की तिचा आक्षेप अगदी शास्त्रशुद्ध होता. आमचा पडदा वीज वाहून नेत नाही. नेऊ लागला तर सारा खेळच आटोपला. तो वाहून नेतो ते दुसरेच काही, आणि जे वाहून नेतो तेच त्याला हळूहळू खाऊन टाकते. या एका अडचणीने देशोदेशींच्या रसायनशास्त्रज्ञांची झोप उडवली आहे. त्यांत मीही एक, अगदी शेवटच्या रांगेतला. आत्याला चकली संपेपर्यंत जे सांगता आले नाही ते वाचकांना सवडीने सांगतो.

शाळेत आपण सर्वांनी पाण्यातून वीज सोडण्याचा प्रयोग पाहिला आहे. एका नळीत हायड्रोजनचे बुडबुडे जमतात, दुसरीत ऑक्सिजनचे. हाच प्रयोग उलटा फिरवला, म्हणजे दोन्ही वायूंचे पुन्हा पाणी होऊ दिले, तर वीज मिळायला हवी. हे १८३९ साली विल्यम ग्रोव्ह या गृहस्थाने करून दाखवले. ग्रोव्ह पेशाने वकील, पुढे न्यायाधीशही झाला. फावल्या वेळात असले उद्योग करी. त्याच्या त्या उपकरणाचे आजचे नाव इंधनघट. हायड्रोजनला काडी लावली तरी पाणीच होते, पण मग शक्ती सगळी भडक्यात आणि आवाजात जाते. इंधनघटात युक्ती अशी, की दोन वायूंची समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही. मध्ये अशी वस्तू ठेवायची, की जिच्यातून वायू जाणार नाहीत, विजेचे इलेक्ट्रॉनही जाणार नाहीत, फक्त विद्युत्भार असलेले कण, म्हणजे आयन, तेवढे पलीकडे जातील. मग इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेने वळसा घालून जाण्यावाचून गत्यंतर नाही. आणि वाटेत त्यांच्याकडून आपण दिवा लावून घ्यावा, पंखा फिरवून घ्यावा.

ग्रोव्हने मध्ये गंधकाम्ल ठेवले होते. आम्लात बहुतेक धातू विरघळतात. टिकते ते प्लॅटिनम. म्हणजे घट चालायचा, पण सावकाराच्या तिजोरीत शोभावा असा. यातून वाट काढली ती फ्रान्सिस टॉमस बेकन या इंग्रज इंजिनियराने. न्यूकॅसलच्या पार्सन्स कंपनीत टर्बाइनांवर काम करीत असताना, १९३२ च्या सुमारास त्याला इंधनघटांचे वेड लागले. त्याने आम्लाला रजा दिली आणि कॉस्टिक पोटॅश घेतले. साबणाच्या कारखान्यात जो कॉस्टिक सोडा असतो त्याचा हा सख्खा भाऊ. आम्लाच्या अगदी उलट स्वभावाच्या या अल्कलीत साधे निकेल सुखाने टिकते. पण सुचणे आणि जमणे यांत पाव शतकाहून अधिक काळ गेला. १९५९ साली बेकनने केंब्रिजमध्ये चाळीस घटांची माळ चालवून दाखवली, तेव्हा कुठे लोकांना ते खरे वाटले. दहा वर्षांनी माणसे चंद्रावर गेली ती याच घटाची सुधारलेली आवृत्ती बरोबर घेऊन. अपोलो यानात असे तीन घट असत. ते वीज देत आणि त्यांतून जे शुद्ध पाणी निघे ते अंतराळवीर पीत. १९७० साली अपोलो-१३ वर ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा घटांचा श्वासच कोंडला, आणि चंद्राचा बेत सोडून त्या तिघांना जीव मुठीत धरून परतावे लागले.

आता कोणीही विचारील, जे चंद्रापर्यंत चालले ते पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर का चालू नये? उत्तर आत्याच्या पानाच्या डब्यात आहे.

चुन्याच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर आत्याचा संताप पाहण्यासारखा असतो. तिचे म्हणणे असे की "हवा लागली की चुना बसतो." आणि ते खरे आहे. हवेच्या दहा हजार भागांत चारेक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. चुना तो शोषतो आणि त्याचा कार्बोनेट होतो, म्हणजे खडूच. निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधासारखी पांढरी होते, तोच हा प्रकार. कॉस्टिक पोटॅशही तेच करते. फरक इतकाच, की इथे जो कार्बोनेट होतो तो पापडखाराचा जातभाई. त्याचे बारीक खडे निकेलच्या छिद्रांत बसतात, वायूंची वाट बंद होते आणि घट गुदमरतो. अंतराळात हा प्रश्न नव्हता, कारण तिथे टाकीतला शुद्ध ऑक्सिजन होता. जमिनीवर हवा घ्यावी लागते, आणि हवेबरोबर तो नको असलेला पाहुणाही येतो. कार्ल कोर्डेश नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास अमेरिकेत आपली ऑस्टिन मोटार अशा अल्कली-घटावर चालवून दाखवली होती. हायड्रोजनची नळकांडी त्याने टपावर बांधली होती आणि आत येणारी हवा तो आधी सोडा-लाइममधून गाळून घेई. मला हा माणूस फार आवडतो. पण शेजाऱ्याला अशी गाडी घ्या म्हणून कोण सांगणार?

दरम्यान, आम्लवाल्यांनी एक मोठी बाजी मारली होती. द्रव आम्ल हवेच कशाला? पॉलिमर म्हणजे एकसारख्या रेणूंची लांबच लांब माळ. त्या माळेलाच आम्लाचे मणी ओवले तर पातळ, कोरडा, हाताळता येईल असा पडदा मिळेल, ही कल्पना १९५५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या टॉमस ग्रब याने मांडली. १९६५ साली जेमिनी यानात तो पडदा गेलाही, पण फार टिकाऊ नव्हता. पुढे ड्युपॉंट कंपनीचा नॅफिऑन आला. त्याची माळ फ्लोरिनने मढवलेली, तव्याला अन्न चिकटू नये म्हणून जो लेप देतात त्याच्या कुळातली. तो टिकला, आणि आज रस्त्यावर हायड्रोजनच्या ज्या गाड्या दिसतात त्यांत त्याच जातीचे पडदे असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून केलेली इंधनघटाची बस लोकांपुढे आली, तीही याच घराण्यातली. उत्तम काम आहे, अभिमान वाटावा असे. पण आम्ल म्हटले की प्लॅटिनम आलेच, आणि प्लॅटिनम आपल्याला बाहेरून आणावे लागते.

तेव्हा साहजिकच पुढला विचार असा, की जे आम्लाचे केले तेच अल्कलीचे का करू नये? माळेला धनभाराचे मणी ओवावेत, माळ जागची हलणार नाही, आणि ऋणभाराचे हायड्रॉक्साइड आयन एका मण्यावरून दुसऱ्या मण्याकडे उड्या मारीत पलीकडे जातील. पोटॅशियम मुळात नाहीच, म्हणजे खडे व्हायला जोडीदार नाही! कार्बन डायऑक्साइड आला तरी आयनांची चाल मंदावेल इतकेच. घटातून भरपूर वीज ओढली की तो बराचसा हायड्रोजनच्या बाजूने बाहेरही फेकला जातो. निकेलही वापरता येईल आणि हवाही. कागदावर याहून सुंदर योजना नाही.

धनभाराचा मणी म्हणून बहुतेकांनी नायट्रोजन घेतला. नायट्रोजनला एरवी तीन हात. चौथ्या हातानेही त्याने कार्बन धरला की त्याच्यावर धनभार येतो. असा पडदा करायची रीत आंबापोळीहून फार निराळी नाही. पॉलिमर विरघळवायचा, काचेवर ओतायचा, मंद उष्णतेवर सुकवायचा आणि पाण्यात बुडवून अलगद सोडवायचा. काच जरा जरी कलती असली तर एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ; म्हणून आमच्या प्रयोगशाळेत लाखो रुपयांच्या यंत्रांशेजारी गवंड्याची पाणसळ ठेवलेली असते. जाडी हवी वीस ते पन्नास मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाहूनही पातळ. पहिला पडदा काचेवरून सुटून पाण्यावर तरंगला त्या दिवशी मी प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. ते पेढे मला अजून आठवतात, कारण पुढे तीन आठवड्यांनी जे झाले ते कोणाला सांगवेना.

पडदा टिकतो का हे पाहायला तो कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात बुडवून बाटली ८० अंश सेल्सियसवर ठेवतात. आम्ही ठेवली. दुसऱ्या आठवड्यात पडदा कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला. तिसऱ्या आठवड्यात बाटलीचे बूच काढले आणि खोलीभर सुकटीचा वास सुटला. शेजारच्या खोलीतून एक सहकारी डोकावून म्हणाले, "कोणाचा डबा आहे हो?" डबा कोणाचाच नव्हता. मासळीला जो वास येतो तो ट्रायमेथिलअमाइन नावाच्या द्रव्याचा, आणि तेच द्रव्य आमच्या पडद्यातून निघत होते. माळेवरचे मणी एकेक करून गळत होते. चिमट्याने उचलायला गेलो तर पडद्याचे दोन तुकडे झाले. म्हणजे मणी तर गेलेच, माळही तुटली होती.

खरे म्हणजे यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. चार हातांचा नायट्रोजन आणि हायड्रॉक्साइड एकत्र तापवले की नायट्रोजनचा एक हात सुटतो, हे ऑगस्ट हॉफमन याने १८५१ सालीच दाखवले होते. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हॉफमनची ही क्रिया पाठ असते. वनस्पतींतल्या औषधी द्रव्यांची घडण उलगडायला ती पुष्कळ वर्षे कामी आली. जी क्रिया रेणू मोडण्यासाठी पाठ केली, तिच्याच तोंडात आम्ही पडदा देऊन बसलो होतो. हायड्रॉक्साइडला वाहून न्यायचे तर त्याच्या शेजारी धनभार हवा, आणि धनभार दिसला की हायड्रॉक्साइड त्यालाच चावणार. ज्या हमालाने ओझे न्यायचे त्यालाच ओझ्याने खावे, असा हा व्यवहार.

त्यात दुसरी गोम अशी, की हायड्रॉक्साइड चालायला मंद. पाण्यात आम्लाच्या प्रोटॉनचा जो वेग, त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. ही उणीव भरून काढायची तर माळेवर मणी वाढवावे लागतात. मणी वाढवले की पडदा पाणी पितो, भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो, आणि वाळताना आक्रसतो. फुगणे-आक्रसणे दहा वेळा झाले की कडेला चीर. मणी कमी ठेवावेत तर पडदा शहाण्यासारखा सपाट राहतो, पण वीज एवढीशी देतो. चार वर्षे मी या दोन टोकांमध्ये येरझारा घातल्या आहेत. आमच्या एका विद्यार्थिनीने पीएच.डी.चे एक सबंध प्रकरण लिहून काढले होते; त्या जातीचा पडदा तीनशे तासांनी गेला आणि प्रकरणही गेले. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तिने काच घासून ठेवली, पाणसळ लावली. तिच्या जागी मी असतो तर आठ दिवस तोंड दाखवले नसते.

एक फजिती तर माझी स्वतःची आहे. पडद्यातून हायड्रॉक्साइड किती सहज जातात हे आम्ही तीन महिने मोजत होतो आणि आकडे इतके वाईट येत होते की प्रकल्प गुंडाळायची भाषा सुरू झाली. मोजणी उघड्या हवेत चालली होती. मग एका परदेशी निबंधात वाचले, की असा पडदा हवेत काही मिनिटे जरी राहिला तरी त्यातले बरेचसे हायड्रॉक्साइड कार्बोनेट आणि बायकार्बोनेट होऊन बसते. म्हणजे तीन महिने आम्ही चुना समजून खडू मोजत होतो! तेव्हापासून नायट्रोजन वायू भरलेल्या बंद पेटीतच मोजणी करतो. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "झाकण लावायला तुला परदेशातून कोणी सांगावं लागलं होय?"

आता थोडे चांगले सांगतो. २०१५ साली जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत मारिनो आणि क्रॉयर या दोघांनी वेगवेगळ्या घडणीचे नायट्रोजन-मणी घेतले आणि त्यांना अगदी राक्षसी परीक्षेला बसवले. तापमान १६० अंश, कॉस्टिक सोडा दाट. आमच्या पहिल्या पडद्यात जो मणी होता तो तिथे चारेक तासांत निम्मा संपला. पण ज्या मण्यात नायट्रोजनला सहा जणांच्या कड्यात बसवले होते, तो निम्मा व्हायला ८७ तास लागले. कारण मोठे गमतीचे आहे. हॉफमनच्या क्रियेत रेणूचे दोन भाग एकमेकांकडे पाठ करून एका रेषेत यावे लागतात, तेव्हाच तो हात सुटतो. कड्यात हात धरून उभे असलेल्यांना तसे वळता येत नाही. फुगडी खेळणाऱ्या मुलींना हात न सोडता एकमेकींकडे पाठ करायला सांगून पाहा!

या कड्याचे नाव पायपेरिडिनियम. नाव परके वाटेल, पण ते आपल्याच घरातले आहे. काळ्या मिऱ्याचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो त्याचे नाव पायपेरीन. ते फोडून रसायनशास्त्रज्ञांना पायपेरिडीन मिळाले. पायपर हा लॅटिन शब्द ग्रीकातून आला, आणि ग्रीकात तो गेला संस्कृत 'पिप्पली'वरून. म्हणजे खोकल्यावर आत्या मधातून चाटवायची ती पिंपळी. वीस वर्षांत प्रथमच आत्याने माझ्या कामाला मान डोलावली ती इथे.

मणी सुधारला तरी माळ राहिलीच होती. सुरुवातीच्या माळांत ऑक्सिजनचे दुवे असत आणि हायड्रॉक्साइड नेमके तिथेच कुरतडी. २०१९ साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात युशान यान यांच्या गटाने असे दुवे अजिबात नसलेल्या, नुसत्या कार्बनच्या कड्यांच्या माळेला पायपेरिडिनियम ओवून पडदे केले. त्यांत पाण्याने बेसुमार फुगणे नाही, आणि वीज भरपूर. त्यानंतर या क्षेत्राचा नूरच पालटला. आज असे पडदे विकतही मिळतात.

मग सुटला का प्रश्न? नाही. बाटलीत टिकलेला पडदा घटात टिकेलच असे नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. बाटलीत पाणी मुबलक असते, आणि पाण्यात लपेटलेले हायड्रॉक्साइड बरेच सोशीक असते. घटात मात्र हवेच्या बाजूला पाणी खर्च होते आणि हायड्रोजनच्या बाजूला तयार होते. इकडे दोन रेणू खर्ची पडले तर तिकडे चार निघतात. म्हणजे एका बाजूला पूर, दुसरीकडे दुष्काळ. दुष्काळाच्या बाजूला हायड्रॉक्साइडच्या अंगावरचे पाणी गेले की ते पिसाळल्यासारखे चावते. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेत डारियो डेकेल यांच्या गटाने हे प्रयोगाने दाखवले आहे. आमचा एक पडदा बाटलीत दोन महिने राहिला होता. घटात तो तिसऱ्या दिवशी गेला. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. निकेलवर सगळे भागेल असे मी वर सुचवले, पण प्रसिद्ध झालेल्या उत्तम घटांपैकी बहुतेकांत निदान हायड्रोजनच्या बाजूला अजून प्लॅटिनमच्या जातीचे धातू आहेत. अल्कलीत हायड्रोजन जरा आळसावतो. त्यामुळे या पडद्यांना आज अधिक मागणी आहे ती उलट्या कामासाठी, म्हणजे पाणी फोडून हायड्रोजन करायला. आम्ल-पडद्यावर त्या कामाला इरिडियम लागते, आणि ते प्लॅटिनमहूनही दुर्मिळ. जानेवारी २०२३ मध्ये भारत सरकारने हरित हायड्रोजनची मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हे उद्दिष्ट. एवढा हायड्रोजन करायचा तर पडद्याची निवड ही किरकोळ बाब नव्हे.

मोटारीसाठी घट निदान पाच हजार तास चालावा असे धरतात. अखंड चालवून पाहायचे तर ते सात महिने झाले. पडदा निकामी ठरायला तीन दिवस पुरतात, चांगला ठरायला सात महिने. आमच्याकडे सध्या कड्याच्या जातीचा एक पडदा घटात बसवलेला आहे. या आठवड्यात त्याला अकराशे तास पूर्ण झाले. वीज थोडी उतरली आहे. किती आणि कशामुळे, ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडायचे तर प्रयोग थांबवावा लागेल.

परवा आत्याने विचारले, "वास आला का रे त्याला?"

"या जातीला वास येत नाही, आत्या. तो बिघडला तर न सांगता बिघडतो."

तिला हे मुळीच आवडले नाही. यंदा प्रयोगशाळेला चार दिवस सुटी आहे, पण हायड्रोजनचे नळकांडे बदलायला आणि दोन्ही बाजूंच्या बाटल्यांत पाणी भरायला कोणी तरी जायला हवे. लक्ष्मीपूजनाला ती विद्यार्थिनी जाणार आहे, भाऊबीजेला मी. आत्याने आतापासूनच दारावरच्या पहारेकऱ्यासाठी चकल्यांचा डबा वेगळा काढून ठेवला आहे, आणि मला बजावले आहे, की पाणी भरून झाले की झाकण लावायला विसरू नकोस.